गोव्यात ए.ए.ची मीटिंग कशी शोधायची? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अनुभव सांगा

सातेरी_डिचोली | ११ जानेवारी, रात्री ११:४८

नमस्कार. इथे चार वर्षं नुसती वाचत आले, लिहिते आहे पहिल्यांदाच.

आमचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि हे तावेर्नात, म्हणजे गावातल्या दारूच्या गुत्त्यात, बसायला लागले. आधी संध्याकाळी, मग दुपारच्या जेवणाआधी, आता सकाळी चहाच्याही आधी. उठल्यावर हात थरथरतात, पेला तोंडापर्यंत नेता येत नाही. थोडी घेतली की हात थांबतात. ट्रक कधीच विकला. मुलगी दहावीला आहे, मुलगा सातवीत.

परवा रात्री हे स्वतःहून म्हणाले, "मला सोडायची आहे गं, पण माझ्याच्यानं सुटत नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. म्हणून घाईने विचारते आहे.

ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगबद्दल ऐकलं आहे. पण डिचोलीत कुठेही गेलं तरी ओळखीचं कोणीतरी भेटणार. गोवा तो केवढा! सकाळी दिसलात तर संध्याकाळी नणंदेच्या सासरी माहीत. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये असतात असंही कळलं, त्यामुळे सासूबाईंना वाटतं की तिथे धर्माचं काही असेल. पैसे किती लागतात? नाव-पत्ता लिहून घेतात का? आणि मी सोबत गेले तर चालतं का?

ओवळ | १२ जानेवारी, सकाळी ६:१५

सातेरीताई, मी नर्स आहे, रात्रपाळी संपवून लिहिते आहे. मीटिंगबद्दल बाकीचे सांगतीलच, पण त्याआधी हे वाचा.

ज्यांचे हात सकाळी थरथरतात आणि दारू घेतल्यावर थांबतात, त्यांनी दारू घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. देवाची शपथ घेऊनही नाही. शरीर दारूवर चालायला शिकलेलं असतं. ती अचानक काढून घेतली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास सुरू होतात: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, घाम, ताप. डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात ते हेच. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. "दारू सोडली आणि वेड लागलं" असं गावात म्हणतात ना, त्यातले कितीतरी जण वेळेत आणले असते तर वाचले असते.

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, शेजारी मनोरुग्णालय आहे, आय.पी.एच.बी. तिथे चला. नावाला घाबरू नका. थरथर आणि फिट टाळायला काही दिवस औषधं देतात आणि ती हळूहळू कमी करतात. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, भरून काढावं लागतं, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी झालेलं असतं. म्हणूनच "अशक्तपणा आलाय" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घेऊ नका. थायमिन आधी लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. आणि तोवर फिट आली किंवा बडबड सुरू झाली तर सरळ १०८.

रुग्णालय की मीटिंग असा प्रश्नच नाही. आधी रुग्णालय, आणि डोकं स्वच्छ झालं की त्याच आठवड्यात मीटिंग.

फोंड्याचा_वाटसरू | १२ जानेवारी, रात्री ९:३०

ओवळताईंनी लिहिलं ते आधी करा. मग माझं वाचा.

मी मद्यपाशी आहे. आमच्यात बेवडा म्हणत नाहीत, मद्यपाशी म्हणतात, कारण हा पाश आहे आणि तो आजार आहे. नऊ वर्षं झाली. त्याआधी फोंड्यातला एकही बार असा नव्हता जिथे माझं उधार नव्हतं.

ओळखीच्या माणसांची भीती मलाही तुमच्यासारखीच होती. म्हणून फोंडा सोडून मडगावची मीटिंग धरली. पहिल्या दोन गुरुवारी हॉलसमोर स्कूटर उभी केली, हेल्मेट न काढता बसून राहिलो आणि परत आलो. दुसऱ्या वेळी परतताना बारमध्ये शिरलो. तिसऱ्या गुरुवारी आत गेलो, तर आमच्याच वाड्यावरचा एक जण तिसऱ्या खुर्चीवर! त्याचा चेहरा माझ्यापेक्षा उतरलेला. मला कोणी बघेल म्हणून मी वीस किलोमीटर लांब आलो होतो, तोही त्याच कारणाने आला होता. आज आमची दोघांची घरं एकमेकांना धरून आहेत, पण वाड्यावर अजून कुणाला ठाऊक नाही आमची मैत्री कुठे झाली. नावाची गुप्तता हा तिथे सगळ्यांनी पाळायचा नेम आहे. कोण आलं होतं आणि कोण काय बोललं, ते दाराबाहेर जात नाही.

आत काय होतं? वीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बारा पायऱ्या (माणसाने सुधारायच्या) आणि बारा परंपरा (गटाने पाळायच्या) यांचे फलक, कोपऱ्यात चहाची किटली. तास-दीड तासाची मीटिंग. एक जण सूत्रं सांभाळतो, तोही मद्यपाशीच. सुरुवातीला थोडं वाचन. मग एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, "मी मद्यपाशी आहे" म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. मधे कोणी बोलत नाही, नंतर कोणी सल्ला देत नाही, "असं का केलंस" असं कोणी विचारत नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसतं नाव सांगून खाली बसलो. कोणी आग्रह केला नाही. कोकणी जास्त, मधे मराठी, हिंदी, इंग्रजी. ज्याला जी येते ती.

पैसे लागत नाहीत. शेवटी एक पेटी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. भाडं आणि चहा त्यातूनच. नव्या माणसाकडून अपेक्षा नसते. बाहेरच्या कुणाची देणगी घ्यायची नाही, अशी परंपराच आहे. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. तीही पुरी असायला हवी असं नाही. माझी तर अर्धीच होती.

चर्चच्या हॉलचं सासूबाईंना असं सांगा: गोव्यात स्वस्तात आणि संध्याकाळी रिकामा मिळणारा हॉल बहुतेक वेळा चर्चचा किंवा शाळेचा असतो. जागा त्यांची, मीटिंग आमची. बारा पायऱ्यांमध्ये "उच्च शक्ती" असा शब्द येतो, पण ती कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्या गटात एक काका शांतादुर्गेचं नाव घेतात, एक सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, आणि एक जण देव मानतच नाही, तो गटालाच आपली शक्ती मानतो. त्याला अकरा वर्षं झाली आहेत.

हे सगळं १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी सुरू केलं, एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद. दलालाला बाहेरगावी एकट्याला दारूची ओढ लागली, तेव्हा त्याने दुसरा मद्यपाशी शोधला. त्याला सुधारण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. आजही मूळ एवढंच. नवा माणूस दारात आला की सगळ्यात जास्त फायदा जुन्याचा होतो. म्हणून तुमच्या ह्यांना सांगा, तुम्ही उपकार मागायला जात नाही आहात.

शोधायचं कसं: ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंगची यादी आहे. वार, वेळ, जागा बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करा. फोन उचलणाराही मद्यपाशीच असतो, तुमच्या आवाजावरूनच त्याला कळेल. बांबोळीला समाजसेवकांना विचारा. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही जवळची सोय विचारता येते. परतीच्या बसचा प्रश्न असेल तर तसं फोनवरच सांगा. शेवटची कदंब चुकते म्हणून मीटिंग चुकली, असं आमच्यात होऊ देत नाहीत, कोणीतरी सोडतं.

ओपन मीटिंगला तुम्ही जाऊ शकता. क्लोज्ड मीटिंग फक्त मद्यपाशींसाठी.

कुळागर | १३ जानेवारी, सकाळी १०:०५

वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी तीन मीटिंगना गेलो, मला जमलं नाही. चार लोकांसमोर उभं राहून स्वतःचं बोलणं माझ्या स्वभावात नाही, आणि "मी शक्तिहीन आहे" हे पहिल्या पायरीतलं वाक्य जिभेवर येईना. माझं पिणं आठवड्याला तीन-चार दिवस होतं, सकाळी लागत नव्हती. मी समुपदेशकाशी एकट्याने बोललो, चार भेटी झाल्या. कधी पितो, कुणाबरोबर पितो, का पितो ते लिहून काढायला लावलं. त्याने फरक पडला.

पर्वरीच्या संगात संस्थेने ही पद्धत गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तपासून पाहिली आहे. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी समुपदेशन केलं आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्या मातीत झालेलं काम आहे, म्हणून सांगितलं.

फोंड्याचा_वाटसरू | १३ जानेवारी, दुपारी १:२०

कुळागर, राग कसला! तुमचं तुम्हाला लागू पडलं, आनंद आहे. फक्त सातेरीताईंसाठी एक फरक सांगतो. सकाळी चहाआधी जो घेतो त्याला "कमी करा" हा सल्ला चालत नाही. मी कमी करायचे सगळे प्रकार केले. फक्त बियर, फक्त शनिवार, फक्त घरी. प्रत्येक वेळी पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच.

आणि ए.ए. म्हणजे नुसती श्रद्धा असंही नाही. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने जुने अभ्यास एकत्र तपासले. पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर पद्धतींपेक्षा सरस निघाले. समुपदेशन आणि मीटिंग दोन्ही करणारे आमच्यात बरेच आहेत.

सुरंगी_पेडणे | १३ जानेवारी, रात्री १०:४०

मी मुलगी म्हणून लिहिते.

कोणीतरी आईला गोळ्या आणून दिल्या. डाळीत घालायच्या, बाबांना कळू द्यायचं नाही. आईने घातल्या. चार दिवसांनी नात्यातल्या लग्नात बाबांनी दोन पेग घेतले आणि मांडवातच लालबुंद होऊन कोसळले. छाती धरली होती. वाचले. पण त्यानंतर वर्षभर ते आईच्या हातचं जेवले नाहीत. ताटावर बसायचे आणि आधी मला म्हणायचे, "तू खाऊन दाखव." मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

सातेरीताई, तुम्हालाही कोणीतरी ह्या गोळ्या सुचवेल. कृपा करून देऊ नका.

आम्ही आधी गेलो, बाबा नाही. अल-अ‍ॅनॉन म्हणून घरच्यांसाठी वेगळा गट असतो, १९५१ पासून आहे, ए.ए.च्या संस्थापकाच्या बायकोनेच उभा केलेला. आईला वाटायचं तिथे बाबांना सुधारायची युक्ती शिकवतील. पहिल्याच दिवशी एका मावशींनी विचारलं, "तू जेवलीस का आज?" आणि आई तिथेच रडायला लागली. हळूहळू तिने काही गोष्टी सोडल्या. बाबांच्या ऑफिसात "ताप आहे" म्हणून फोन करणं सोडलं. बारचं बिल भरणं सोडलं. रात्री शोधायला जाणं सोडलं. शेजारी म्हणाले, बाई निर्दय झाली. बाबांचा पहिला रजेचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, त्या दिवशी ते खूप वेळ अंगणात बसले होते. ते मीटिंगला गेले दोन वर्षांनी. पण आमच्या घरात श्वास घेता यायला लागला तो त्याआधीच.

तुमच्या मुलीची दहावी आहे. तिच्याशी बोला. तिला सगळं माहीत असतं.

ओवळ | १४ जानेवारी, सकाळी ७:००

सुरंगी, तुला मिठी. त्या गोळ्या बहुधा डायसल्फिरामच्या. औषध वाईट नाही, पण ते घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, त्याने होकार दिलेला पाहिजे आणि डॉक्टरांनी हृदय, लिव्हर तपासलेलं पाहिजे. चोरून दिली तर माणूस नकळत पितो आणि रक्तदाब कोसळतो. "पेशंटला न कळता दारू सोडवा" अशी जाहिरात दिसली की पान उलटा.

मांडवीकाठ | १४ जानेवारी, दुपारी ४:१२

रात्री गाडी घेऊन येतात, माणसाला उचलून नेतात आणि तीन महिन्यांनी परत देतात, अशा जागांपासूनही जपा. माझ्या भावाला राज्याबाहेरच्या अशाच एका ठिकाणी नेलं होतं. फोन करू देत नव्हते. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. आला त्याच रात्री प्यायला. नंतर तो स्वतःच्या पायांनी पुण्याला मुक्तांगणमध्ये गेला. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, पुलंनी पाठबळ दिलेलं केंद्र. तिथून त्याने मला पत्र लिहिलं. दाखल करण्याआधी एवढंच विचारा: घरच्यांना भेटू देता का, डॉक्टर रोज असतात का, आणि बाहेर पडल्यावर पुढे काय?

सातेरी_डिचोली | ६ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत, माफ करा. तुमचा एकेक शब्द वाचला आहे.

हे बांबोळीला नऊ दिवस होते. तिसऱ्या रात्री पलंगाखाली ट्रकचा क्लीनर लपलाय म्हणत होते. ओवळताई, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी त्यांना देवळात घेऊन गेले असते.

मीटिंगसाठी म्हापसा निवडलं, तिथे आमचं कोणी नाही म्हणून. ओपन मीटिंग होती, दोघेही गेलो. दाराशी ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आत ओळखीचं माणूस होतंच. कोण ते लिहिणार नाही. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली, चहा आणून दिला आणि मला "बाय, बस" म्हणाले. इतकी वर्षं मी त्या माणसाला नमस्कार करते आहे आणि मला काही माहीत नव्हतं.

हे बोलले नाहीत. नुसतं नाव सांगितलं. परतताना बसमध्ये म्हणाले, "तो शेवटचा माणूस बोलला ना, ते माझंच होतं." आज अकरावी मीटिंग झाली. एक जण स्पॉन्सर, म्हणजे नव्या माणसाला सोबत करणारा जुना मद्यपाशी, म्हणून मिळाले आहेत, रोज सकाळी साडेसहाला हे त्यांना फोन करतात. पूर्वी त्याच वेळेला तावेर्नाकडे निघायचे.

मी अल-अ‍ॅनॉनला एकदा गेले. अजून बोलता येत नाही. पण दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकते.

फोंड्याचा_वाटसरू | ७ फेब्रुवारी, दुपारी २:००

ताई, वाचून डोळे भरले. आता एक आधीच सांगून ठेवतो. काजूचे दिवस येत आहेत.

बाहेरच्यांना हे कळणार नाही, पण तुम्ही डिचोलीच्या आहात. महिनाअखेरीस बोंडं पिकू लागली की सत्तरी-डिचोलीत भट्ट्या लागतात आणि संध्याकाळी साऱ्या गावाला उर्राकाचा वास येतो. उर्राकाला आपल्याकडे कोणी दारू म्हणतच नाही. "मोसमाची आहे, थंड असते, लिंबू आणि लिम्का घालून एक ग्लास." पहिल्या धारेची, फेणीपेक्षा खूप सौम्य, पण मद्यपाशीला ती दारूच. माझे आजोबा भट्टी लावायचे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मलाही अभिमान वाटला होता. तरीही मार्च ते मे मी त्या रस्त्याने जात नाही. आमच्यात शिकवतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळायच्या. मी पाचवी जोडतो: काजूचा वास. त्या तीन महिन्यांत मीटिंग वाढवा.

सातेरी_डिचोली | २१ मार्च, पहाटे ५:३०

वाटसरूदादा, तुम्ही सांगितलं होतं तेच झालं. शिगम्यात हे रोमटासोबत, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीसोबत, गेले होते. चुलतभावाने उर्राकाचा ग्लास हातात दिला. पहाटे आले ते मला न बघता झोपले. चोपन्न दिवस झाले होते. मी रात्रभर चुलीपाशी बसले, वाटलं, संपलं.

सकाळी मी काही बोलले नाही. सुरंगीच्या आईची गोष्ट आठवली. स्पॉन्सरलाही मी फोन केला नाही. ह्यांनीच केला, दुपारी. संध्याकाळी मीटिंगला गेले आणि उभं राहून म्हणाले की आज माझा पहिला दिवस आहे. कोणी काही विचारलं नाही म्हणे. चहा दिला आणि पुढच्या वेळेला खुर्च्या मांडायला अर्धा तास लवकर ये म्हणून सांगितलं.

आता रोज जातात. म्हापसा, पणजी, जिथे असेल तिथे.

साखळीची_एक | १९ एप्रिल, रात्री १२:०५

हा धागा तीनदा वाचला. लिहू की नको होत होतं. माझ्या घरी नवरा नाही, मीच पिते. बायका येतात का तिथे?

सातेरी_डिचोली | १९ एप्रिल, सकाळी ६:४०

येतात. म्हापशाच्या मीटिंगला दोघी आहेत, आणि एकीला बरीच वर्षं झाली आहेत. हेही त्यांना विचारून मग लिहिते आहे. तुमच्याशी फोनवर बोलायला ती तयार आहे. मला इथे निरोप टाका, मी नंबर देते. सकाळी हात थरथरत असतील तर आधी ओवळताईंचं १२ जानेवारीचं लिखाण वाचा आणि बांबोळीला चला, सोबत हवी असेल तर मी येते. साखळीहून सकाळची बस मला माहीत आहे.